क्रॉस फेल: परमुलखातला घाटमाथा

घाटवाटा (धागाकर्ता), ९ नोव्हेंबर

मंडळी, या विभागातले बहुतेक धागे सह्याद्रीचे असतात. हा इंग्लंडमधल्या एका डोंगराचा आहे, तरी तो इथेच टाकावासा वाटला.

मी जुन्नर तालुक्यातला. नाणेघाट, जीवधन, हरिश्चंद्रगड म्हणजे आमचं अंगण. चार वर्षांपूर्वी नोकरीसाठी न्यूकॅसलला आलो. इकडे डोंगर म्हटलं की सगळे लेक डिस्ट्रिक्टला पळतात, मीही तेच केलं. पहिल्यांदा निघालो तेव्हा आल्स्टन गावावरून जाणारा रस्ता धरला. हा रस्ता चढतोय हे कळतच नाही. आधी कुरणं, दगडी बांध, मग झाडं विरळ होत जातात, मग बांधही संपतात आणि दोन्ही बाजूंना नुसता तांबूस-तपकिरी माळ. ५८० मीटरवरच्या हार्टसाइडच्या खिंडीत पोचलो आणि समोरची जमीनच संपली. खाली ईडन नदीचं हिरवंगार खोरं, पलीकडे लेक डिस्ट्रिक्टची शिखरं, उजवीकडे लांब सॉलवेची खाडी आणि तिच्यामागे स्कॉटलंड.

गाडी बाजूला घेऊन मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. आळेफाट्याकडून माळशेजला जाताना हेच होतं. देशावरून हळूहळू चढत जायचं आणि एका वळणावर एकदम खाली कोकण!

घरी येऊन नकाशा उघडला तेव्हा साम्य आणखी गडद झालं. पेनाइन्स ही उत्तर इंग्लंडची कण्यासारखी डोंगररांग. तिच्या या भागात पश्चिमेला सरळ उतार आणि पूर्वेला लांबलचक मंद उतरण. क्रॉस फेल तिचा सर्वांत उंच माथा, ८९३ मीटर. टीस नदी त्याच्या पूर्व अंगावर उगम पावते. पश्चिमेचा समुद्र जवळ असूनही त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १३७ किलोमीटर वाहत उत्तर समुद्राला मिळते. साउथ टाइनचा उगमही शेजारीच. आमची कुकडी नाणेघाटाजवळ जन्मते, कोकण हाकेच्या अंतरावर, आणि तिचं पाणी जातं मात्र बंगालच्या उपसागराला. माझ्या ऑफिसच्या खिडकीतून दिसणारी टाइन ही कुकडीसारखीच घाटमाथ्यावरची लेक आहे हे त्या रात्री कळलं.

मग डोंगरावर जाणं आलंच. ऑक्टोबरच्या एका शनिवारी पायथ्याच्या कर्कलंडमधून चढायला लागलो. कर्कलंड म्हणजे एक चर्च आणि चार घरं. इथून निघणारी वाट तिथल्या भाषेत प्रेतांची वाट म्हणून ओळखली जाते. माथ्यापलीकडच्या गॅरिगिल गावात पूर्वी दफनाचा हक्क नव्हता. मेलेल्या माणसाला खांद्यावर किंवा घोड्यावर घालून या डोंगरावरून कर्कलंडच्या चर्चपर्यंत आणायचे. एकदा हिमवादळात सापडलेल्या लोकांना शवपेटी वरच सोडून जीव वाचवावा लागला आणि ती दोन आठवड्यांनी मिळाली, अशी कथा तिथे सांगतात. मला मढेघाट आठवला. तानाजी मालुसऱ्यांचा देह तिथून उमरठला नेला म्हणून ते नाव पडलं, असं आपल्याकडे सांगतात ना, तोच.

चढ अवघड नाही. चिवट आहे. वरचा माथा मैदानासारखा सपाट, सगळीकडे फुटलेले दगड, मधोमध वाऱ्यापासून आडोसा म्हणून रचलेली अधिक चिन्हाच्या आकाराची दगडी भिंत. कुठल्याही बाजूला बसा, एक तरी कोपरा वाऱ्याआड मिळतो. मी तिथे डबा उघडला तेव्हा चारी बाजूंना ऊन होतं. डबा संपेपर्यंत धुकं आलं. दहा पावलांपलीकडचं दिसेना. सपाट माथ्यावर धुकं हे कड्यावरच्या धुक्यापेक्षा फसवं. कड्यावर निदान उतार दिशा दाखवतो, इथे पाय काहीच सांगत नाहीत. उत्तरेची वाट धरली असं समजून मी पूर्वेला भरकटलो आणि गुडघाभर काळ्या चिखलात रुतलो. तासभर होकायंत्र हातात धरून, एकेक दगड मनात धरत, पुन्हा त्या प्रेतवाटेवर आलो. तिनं मला ग्रेग्ज हटवर आणून सोडलं.

ही शिसं काढणाऱ्या खाणकामगारांची जुनी दगडी इमारत आहे. आता ती बॉथी आहे, म्हणजे कुणीही यावं, फुकट राहावं, आवरून जावं. आल्प्समध्ये अपघात होऊन १९६८ साली गेलेल्या एका गिर्यारोहकाच्या आठवणीसाठी मित्रांनी ती सावरली. आत एक चूल, लाकडी मंच, मागच्या वाटसरूनं ठेवलेली अर्धी मेणबत्ती. ती लावली, कोरडे मोजे घातले आणि शांत बसलो. गडावरच्या देवळात मुक्काम केलेल्यांना ती शांतता वेगळी सांगायला नको.

फोटो उद्या टाकतो. या भागात कुणी गेलं असेल तर जरूर लिहा.

सोनकी, ९ नोव्हेंबर

घाटवाटा, फार सुंदर लिहिलंत. फक्त त्या काळ्या चिखलाला चिखल म्हणू नका, ते पीट आहे! मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी, डरहॅमला दोन वर्षं होते. क्रॉस फेलच्या पूर्व उतारावर मूर हाउस नावाचं राखीव क्षेत्र आहे, १९५२ पासून. तिथल्या दलदलीचा अभ्यास इतकी वर्षं इतक्या सातत्यानं झालाय की जगभरचे पीटचे अभ्यासक ते नाव ओळखतात.

पीट कसं होतं ते सांगते. पाऊस भरपूर, थंडी कायम, जमिनीतून निचरा नाही. अशा ठिकाणी स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढतं. ते स्पंजसारखं पाणी धरतं आणि आजूबाजूचं पाणी आंबट करतं. खालचा मेलेला भाग पाण्यात बुडालेला, हवा नाही, म्हणून जवळजवळ कुजतच नाही. वर नवं वाढतं, खाली जुनं दबतं. वर्षाला साधारण एक मिलिमीटर थर. तिथे दोन-तीन मीटर खोल पीट सहज मिळतं, म्हणजे गुडघाभर रुतलेला तुमचा पाय काही शे वर्षं मागे गेला होता.

आणि आता आपल्या कासचं सांगते. कासच्या सड्यावर माती जवळजवळ नाही, इथे मीटरच्या मीटर पीट. दिसायला दोन टोकं. पण दोन्हीकडे झाडांना खायला काही नाही, अन्नद्रव्यांचा दुष्काळ. म्हणून दोन्हीकडे किडे खाणारी ड्रॉसेरा उगवते! कासला पावसाळ्यात दवबिंदू म्हणून आपण जिच्यासमोर गुडघे टेकून फोटो काढतो, तिची गोल पानांची बहीण मी मूर हाउसच्या वाटेवर शेवाळात पाहिली. लाल, चिकट, नखाएवढी. मी तिथेच ओल्यात बसले.

जुन्नरकर, १० नोव्हेंबर

भाऊ, माळशेजचं उदाहरण वाचून अंगावर काटा आला. फोटोंची वाट पाहतोय.

दगडधोंडे, १० नोव्हेंबर

धागाकर्त्यांनी साम्य अचूक पकडलंय, आता खडकाचं बोलतो. क्रॉस फेलच्या दक्षिणेला, डफ्टन गावाच्या वर हाय कप निक आहे. घोड्याच्या नालाच्या आकाराची प्रचंड दरी आणि तिच्या काठाला सलग काळा कडा, उभ्या खांबांसारख्या भेगा पडलेला. फोटो पाहिलात तर कोकणकड्याचा धाकटा भाऊ म्हणाल. आणि नातं नुसतं दिसण्याचं नाही. तो कडा डोलेराइटचा आहे, म्हणजे रासायनिकदृष्ट्या आपल्या बेसॉल्टचाच सख्खा.

फरक एवढाच की आपला लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वर येऊन पृष्ठभागावर थरांवर थर पसरला. तिथला मॅग्मा साधारण साडेएकोणतीस कोटी वर्षांपूर्वी वर यायला निघाला, पण पोचला नाही. चुनखडी आणि वालुकाश्मांच्या थरांमध्ये आडवा शिरला आणि तिथेच सावकाश थंड झाला. त्या आडव्या पत्थराला तिथले खाणकामगार व्हिन सिल म्हणत. भूशास्त्रात अशा आडव्या घुसलेल्या थराला जगभर ‘सिल’ म्हणतात, तो शब्द याच कामगारांच्या तोंडचा. पुढे वरचे थर झिजले आणि सिल उघडा पडला. खाली टीस नदीवरचा हाय फोर्स हा २१ मीटरचा धबधबा याच सिलवरून पडतो.

शिशाबद्दल: पेनाइन्सच्या या भागाखाली ग्रॅनाइटचा मोठा गोळा दडलेला आहे. आधी गुरुत्वाच्या मोजणीवरून अंदाज होता, मग १९६० च्या सुमारास रूकहोपला भोक पाडून तो सापडला. खोलवरचं गरम खारट पाणी भेगांतून फिरलं आणि त्यानं चुनखडीच्या फटींत शिसं, जस्त, फ्लोराइट सोडलं. घाटवाटा, ग्रेग्ज हटजवळच्या वाटेवर जांभळे चमकणारे खडे दिसले का? ते फ्लोराइट.

घाटवाटा, १० नोव्हेंबर

दिसले! धुक्यातही वाट लकाकत होती. मला वाटलं कुणाची तरी काच फुटलीय. एक खडा टेबलावर आहे.

त्या खाणकामगारांबद्दल आल्स्टनला थोडं वाचायला मिळालं. हे लोक सोमवारी घरून आठवड्याची भाकरी बांधून डोंगरावर चढायचे आणि शुक्रवारपर्यंत अशाच दगडी निवाऱ्यात राहायचे, एकेका बिछान्यात दोघं-तिघं, ओले कपडे चुलीभोवती टांगलेले. खाणीतल्या धुळीनं तरुणपणीच छाती जायची. धातूची शीर शोधायला वर बांध घालून पाणी साठवायचे आणि एकदम सोडायचे. पाणी माती खरवडून न्यायचं, खडक उघडा पडायचा. त्या पाण्यानं कोरलेल्या घळी अजून दिसतात. मी त्यांना नैसर्गिक ओढे समजलो होतो.

देवराई, ११ नोव्हेंबर

वर्णन छान, पण मला एक गोष्ट खटकते. हा सगळा उघडाबोडका माळ म्हणजे माणसानं केलेला ऱ्हास आहे. हजारो वर्षांपूर्वी तिथे बर्च, हेझलची झाडं होती, तोडली, मग मेंढ्यांनी रोपं वर येऊ दिली नाहीत. शिवाय शिकारीच्या ग्राऊस पक्ष्यांसाठी हेदरची झुडपं जाळतात. आपण या उघड्या डोंगराचं कौतुक करायचं की तिथे झाडं लावा म्हणायचं?

माळढोक, ११ नोव्हेंबर

देवराई, तुमची तळमळ समजते, पण मी याच वाक्यामुळे गेली वीस वर्षं भांडतोय. आमच्या सोलापूर-नगरकडच्या गवताळ माळांना सरकारी नकाशात पडीक म्हणतात. पडीक म्हटलं की तिथे कुणीतरी झाडं लावायला येतो, नाहीतर कारखाना. त्या गवतावर जगणारा माळढोक आता महाराष्ट्रातून जवळजवळ गेलाच. उघडी जमीन म्हणजे रिकामी जमीन नव्हे. क्रॉस फेलवर सोनेरी टिटवीसारखा गोल्डन प्लोव्हर घरटं करतो, कर्ल्यू शीळ घालतो. त्यांना उघडंच हवं.

सोनकी, ११ नोव्हेंबर

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे असं मला मनापासून वाटतं, पण पीटवर झाडं लावायला माझा ठाम विरोध. स्कॉटलंडच्या उत्तरेला फ्लो कंट्री नावाची अफाट दलदल आहे. १९८० च्या दशकात करसवलतीच्या मोहानं तिथे चर खणून पाइन-स्प्रूस लावले. पीट सुकलं, पक्षी गेले, झाडंही नीट वाढली नाहीत. आता तीच झाडं काढून चर बुजवताहेत आणि २०२४ मध्ये तो भाग जागतिक वारसा झाला.

उत्तर पेनाइन्समध्येही मागच्या शतकात सरकारी अनुदानानं माळावर हजारो चर खणले, चराई वाढावी म्हणून. चराई फारशी वाढली नाही. पीट वाळून भेगाळलं, पावसात वाहून गेलं, नद्या चहासारख्या तपकिरी. ओलं पीट कार्बन धरून ठेवतं, वाळलं की सोडायला लागतं. आता चरात ठिकठिकाणी पीटचेच बांध घालून पाणी अडवतात आणि वर्षा-दोन वर्षांत त्यात स्फॅग्नम परत येतं. आपल्या ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’चा चुलतभाऊ, फक्त इथे जिरवायचं नाही, अडवून तसंच ठेवायचं.

झाडं हवीतच, पण घळींत, ओढ्याकाठी, पीट नाही तिथे. हाय फोर्सच्या आसपास ज्युनिपरचं जुनं रान आहे, तसं.

हेही लिहून ठेवते: अपर टीसडेलमध्ये एक निळं फूल आहे, स्प्रिंग जेन्शियन. ब्रिटनच्या भूमीवर फक्त याच खोऱ्यात, हिमयुगानंतर मागे राहिलेलं. मे महिन्यात फुलतं. त्याचा निळा रंग मला कुठल्याच मराठी शब्दात बसवता आलेला नाही. १९७१ मध्ये तिथे काउ ग्रीनचं धरण पुरं झालं, टीसच्या मुखाजवळच्या कारखान्यांच्या पाण्यासाठी. वनस्पतिशास्त्रज्ञांनी खूप विरोध केला होता, तरी अशा दुर्मीळ वनस्पतींची काही जमीन बुडाली. ते वाचताना मला सह्याद्रीतल्या प्रत्येक धरणाची आठवण आली.

देवराई, १२ नोव्हेंबर

चरांचं मला माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो, निदान पीटपुरते. हेदर जाळण्याबद्दलचं मत मात्र कायम.

मेंढवाडा, १४ नोव्हेंबर

आमचं घर माण तालुक्यातलं, आजोबांपर्यंत मेंढरं होती. घाटवाटा दादा, फोटोत मेंढ्या दिसतात पण वर कुंपण दिसत नाही. मग एकाच्या मेंढ्या दुसऱ्याच्या रानात जात कशा नाहीत? आमच्यात माणूस आणि कुत्रं कायम बरोबर असतं.

घाटवाटा, २१ नोव्हेंबर

मेंढवाडा, तुमच्या प्रश्नामुळे परवा डफ्टनला एका शेतकरी काकांना थांबवून विचारलं. ते तासभर बोलले.

वरचा माळ सामाईक, आपल्या गायरानासारखा. प्रत्येक घराचा मेंढ्यांच्या ठराविक संख्येचा हक्क. पण कुठला कळप कुठे चरणार हे मेंढीच ठरवते. कोकरू आईबरोबर माळावर जातं, कुठे आडोसा, कुठे पाणी, कुठे बर्फ आधी वितळतो ते शिकतं आणि मोठेपणी स्वतःच्या कोकराला तिथेच नेतं. त्या जागेला आणि त्या सवयीला ‘हेफ्ट’ म्हणतात. शेत विकलं तरी असा कळप बहुधा जमिनीबरोबरच राहतो, कारण दुसऱ्या डोंगरावर त्या मेंढ्यांना काहीच ठाऊक नसतं.

२००१ मध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली. इथल्या कंब्रिया परगण्याला सर्वांत मोठा फटका बसला. गोठेच्या गोठे मारावे लागले. काका म्हणाले, मेंढ्या परत विकत आणता आल्या, पण त्यांना डोंगर माहीत नव्हता. नव्या कळपामागे माणसांनी कित्येक महिने रोज चालत राहून त्यांना हद्द शिकवली. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, वर माळाकडे बघत होते.

त्यांनी मेंढ्या मोजायची जुनी पद्धतही म्हणून दाखवली: यान, टान, टेथेरा... वीसपर्यंत जायचं आणि बोटावर एक खूण धरायची.

मेंढवाडा, २१ नोव्हेंबर

दादा, हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आजोबासुद्धा विसा-विसानंच मोजायचे.

नवशिक्या, ३ डिसेंबर

मी लीड्सला शिकतोय, गाडी नाही. कधी आणि कसं जावं?

घाटवाटा, ३ डिसेंबर

लीड्सहून सेटल-कार्लाइल रेल्वे पकडा. १८७६ पासून प्रवासी नेणारी ही लाइन डोंगराच्या पायथ्यानंच जाते. आपलबीला उतरून डफ्टनला मुक्काम करा, तिथून पेनाइन वे या लांब पायवाटेनं, हाय कप बाजूला ठेवून, ग्रेट डन फेल, लिटल डन फेल, क्रॉस फेल आणि गॅरिगिल. दिवस मोठा आहे, पंचवीस किलोमीटरच्या आसपास, म्हणून मे-जूनच बरा. एकट्यानं, हिवाळ्यात, पहिल्यांदा नको. ग्रेट डन फेलवरचा पांढरा घुमट विमानवाहतुकीच्या रडारचा आहे, धुकं नसेल तर तीच खूण. हाय कपच्या दक्षिणेला लष्कराच्या गोळीबाराचं क्षेत्र आहे, लाल निशाण दिसलं तर तिकडे पाऊल टाकू नका. मोबाइलवर विसंबू नका, कागदी नकाशा आणि होकायंत्र हवंच.

झुळूक, ६ जानेवारी

धागा उशिरा सापडला. एवढी चर्चा झाली आणि हेल्म वाऱ्याचं नाव नाही! मी हवामान खात्यातून निवृत्त. ब्रिटनमध्ये स्वतःचं नाव असलेला हा एकच वारा, आणि तो क्रॉस फेलचा.

आपल्या घाटात नैऋत्येचा वारा कड्यावर आपटून वर चढतो. नाणेघाटात धबधबा उलटा उडतो तो त्यामुळेच. क्रॉस फेलला उलट आहे. ईशान्येचा थंड वारा मंद उतारानं माथ्यावर येतो आणि मग पश्चिमेच्या सरळ उतारावरून खाली कोसळतो. वर उबदार हवेचं झाकण असेल तर ही हवा वर निसटू शकत नाही, धरणाच्या सांडव्यावरच्या पाण्यासारखी वेग घेत उतरते. माथ्यावर शिरस्त्राणासारखा ढग बसतो, तो हेल्म. पायथ्यापासून काही किलोमीटरवर, डोंगराला समांतर, दुसरा लांब ढग जागच्या जागी फिरत राहतो, तो हेल्म बार. वारा डोंगर आणि बार यांच्यामध्येच घोंघावतो. बारखाली शांत. १९३० च्या दशकाच्या शेवटी गॉर्डन मॅनली या हवामानतज्ज्ञानं ग्रेट डन फेलवर लाकडी खोपट उभारून निरीक्षणं घेतली आणि ही उभी लाट असल्याचं मांडलं.

या डोंगराला पूर्वी पिशाच्चांचा डोंगर म्हणत. एका संतानं वर क्रूस रोवून त्यांना हाकललं म्हणून क्रॉस फेल, अशी आख्यायिका. तो आवाज ऐकलेल्यांना पिशाच्चंच वाटली असणार. हिवाळा सरताना आणि वसंतात ईशान्येचा वारा धरला की जा.

घाटवाटा, ३० मार्च

झुळूक काका, काल गेलो. सकाळी लँगवथबीजवळूनच दोन्ही ढग दिसले. माथ्यावर पांढरी टोपी, अलीकडे लांबट पट्टा आणि मध्ये स्वच्छ निळी फट.

मिलबर्नला गाडीचं दार उघडताना दोन्ही हात लावावे लागले. या गावची घरं मधल्या हिरवळीकडे तोंड करून, बाहेर पाठ करून का उभी असावीत याचं एक कारण मला तिथे उभ्याउभ्या अंगावर कळलं. वाऱ्याला झोत-झुळूक असं काही नव्हतं, एकसारखा, थांबल्याशिवाय, दुरून आगगाडी येत राहावी तसा आवाज. कोकरं बांधाला चिकटून बसलेली. एक आजी कुंडी आत घेत होत्या. म्हणाल्या, हेल्म आहे, संध्याकाळपर्यंत तरी जाणार नाही.

मग पाचेक किलोमीटरवर टेंपल साउरबीला गेलो. बरोबर पट्ट्याखाली. एका घराच्या धुराड्यातून धूर सरळ वर जात होता. दोरीवरचे कपडे हलत नव्हते. वर तो ढग जागच्या जागी वळत होता.

दहा मिनिटं थांबलो आणि परत मिलबर्नला गेलो. वारा सुरूच होता.